पोपडे उडालेली बिल्डिंग

आमच्या आईपुढे भल्याभल्यांचं चालत नाही, परवाचंच सांगतो. महापालिकेच्या निवडणुकीत एक उमेदवार नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीतल्या सगळ्या बिल्डिंगा फुकट रंगवून देत होता. मी सोसायटीचा सेक्रेटरी, लगेच हो म्हणालो.

आईनं जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेलं. ती खाली उतरली आणि रंगाऱ्याला म्हणाली, "रंगव बाबा. फक्त गेटवर मोठ्या अक्षरात लिही, हा रंग मतांच्या बदल्यात मिळाला."

रंगाऱ्यानं उमेदवाराला फोन लावला आणि शिड्या उचलून चालता झाला.

मी वैतागलो. "आई, थोडा व्यवहार बघावा माणसानं."

"बघितला की. मत आपल्याकडेच राहिलं ना?"

तर या कधी घरी. पत्ता सोपा आहे. अख्ख्या कॉलनीत पोपडे उडालेली एकच बिल्डिंग आहे, ती आमची.