मिसोचं नाव काढलंस आणि…

हॅलो? … हॅलो, आई? थांब हं जरा, ठेवू नकोस फोन…

(फोनवर हात ठेवून) नेजिमे-सान, ‘बगळ्या’चा तो कागद इथे ठेवा, मी बघते. … नाही नाही, साडेतीनच्या आधी एक अक्षर बाहेर जाता कामा नये. आजचा बाजार उठला की मगच घोषणा. … पडणारच ना! एवढे नवे शेअर बाजारात ओतणार म्हटल्यावर जुन्यांचा भाव उद्या सकाळी दाणकन आपटणार. त्यांना ठाऊक आहे, आपल्याला ठाऊक आहे. … आणि खोलीत असलो तरी ‘बगळा’च म्हणा, कंपनीचं नाव नको. पाच मिनिटं द्या. आईचा फोन आहे, त्सुरुओकाहून.

हं, बोल. … नाही गं, जेवतेच आहे. … डबा. … दुकानातला, दुसरा कुठला! भात, तळलेला मासा, मुळ्याचं लोणचं. … हो, चावून खातेय. … आई, मी चव्वेचाळीस वर्षांची आहे.

कसलं पुस्तक? … अगं बाई, ते होय! … तुला कुणी दिलं? … हिसाए मावशीनं? छापून आणलं? … हो, तेच ते. शेअर बाजाराच्या कामातली जपानमधली नावाजलेली ऑफिसं आणि नावाजलेले वकील. दर वर्षी काढतात. … हो, आमचं ऑफिस पहिल्या रांगेत. … मी नाही गं पहिल्या रांगेत, मी ‘उगवत्या’त. … हो, चव्वेचाळिसाव्या वर्षी उगवती. हस, हस.

काय लिहिलंय? मावशीनं वाचून दाखवलं का? … ‘सुट्टीतही उत्तर देते.’ बघ, वीस वर्षांच्या वकिलीचं फळ! … नाही गं, मी नाही सांगितलं. ते लोक आपल्या अशिलांना फोन करून विचारतात, ही बाई कशी आहे म्हणून. … पुढे काय? … ‘तिच्या तोंडून कधी शब्द बाहेर पडत नाही.’ … तक्रार नाही ती, कौतुक आहे! आमच्या धंद्यात याहून मोठं कौतुक नाही.

… कुठे लावलंस? … बाबांच्या फोटोशेजारी? काचेत? … अगं, बाबांना कुठे इंग्रजी येत होतं! … बरं बरं. राहू दे. … नाही, रागावले नाही. बरं वाटलं. खरंच.

हं? विचार ना. … बाबांच्या विम्याचे पैसे? ते बँकेत आहेत ना? … पडून आहेत म्हणजे काय, बँकेत पैसे पडूनच असतात. … शेअर? तू? … बरं, विचार. पण मी काही सल्ला देणार नाही हं, आधीच सांगते.

… बसवाली कंपनी? तुमच्या गावातली ती? मला काय माहीत! आवडत असेल तर घे. वर्षाला फुकट पास देतात म्हणे. … पुढची? … ते सेंदाईचं कपड्यांचं दुकान? जुनी कंपनी आहे. घे नाहीतर नको घेऊ, माझं काय जातंय. … हं, आणि तिसरी?

…

… हॅलो. हो. आहे मी.

… नाही, ऐकू आलं. ओबानाया. मिसोवाले. … हो, ऐकू आलं म्हणाले ना.

… काही नाही. गप्प कुठे? घास होता तोंडात. … आई, मला त्याबद्दल काही बोलता येणार नाही. … नाही म्हणजे, कशाबद्दलच बोलता येणार नाही. … हो, बसबद्दल बोलले. … हो, दुकानाबद्दलही बोलले. … अगं ऐक ना, ते मी उगाच बोलले. बोलायला नको होतं. तेही विसर. तिन्ही विसर.

हसतेस काय? … कुणाची युक्ती? … हिसाए मावशीची! आधी दोन भलतीच नावं विचारायची आणि मग… धन्य आहे त्या बाईची! चाळीस वर्षं शाळेत पोरांच्या कॉप्या पकडल्या, आता मला पकडते! … पण ओबानायाच का? तुला हे नाव सुचलं कुठून?

… हो, पाठवली होती मिसोची पेटी. उन्हाळ्यातली भेट. … दर वर्षी पीच पाठवते, मान्य. यंदा मिसो पाठवला, त्यात काय झालं? … आवरणावर कारखान्यातल्याच दुकानाचा शिक्का होता? … अगं… कप्पाळ माझं.

(फोनवर हात ठेवून) नेजिमे-सान, दार लावा. … लावा आधी. आईनं ‘बगळ्या’चंच नाव घेतलं. … हो, माझी आई. … मी काही सांगितलं नाही हो! मी गप्प बसले, तिथेच घोटाळा झाला. … किती वाजले? बारा सात. लिहून ठेवा. मला नंतर सगळं आपल्या ऑफिसच्या नियम-समितीला लिहून द्यावं लागणार.

हं आई. … नाही, कुणी नाही. … हे बघ, मी नीट बोलते, तू नीट ऐक. माझ्या गप्प बसण्याला काहीही अर्थ नाही. … चांगलाही नाही, वाईटही नाही. कुठल्याही कंपनीबद्दल मी गप्पच बसायला हवं. दोनदा बोलले ती चूक, तिसऱ्यांदा गप्प बसले ते बरोबर.

… काय? … ती वकिलीची परीक्षा! त्याचं इथे काय? … हो, आठवडाभर बोलले नव्हते पास झाल्याचं. … हो, घराचं पण तसंच केलं, चावी हातात आल्यावर सांगितलं. … म्हणजे मी गप्प बसले की चांगलीच बातमी असते? असं कुठे लिहिलंय? … आई, वाईट बातम्याही मी सांगत नाही! … कुठली म्हणजे? आहेत. … तोशिओचं आणि माझं फिसकटलं ते तरी कुठे लगेच सांगितलं? … नाही, मिसोची बातमी वाईट आहे असं मी म्हटलेलं नाही! चांगली आहे असंही नाही! बातमी आहे असंच मी म्हटलेलं नाही!

… ओरडले. चुकलं. … हो, पाणी पिते.

… किती घेणार म्हणालीस? … सगळे? … अगं, सगळे कशाला? ते न्हाणीघराचे होते ना? उंबरा काढायचा, भिंतीला दांड्या बसवायच्या… कंबरेच्या ऑपरेशननंतर डॉक्टर काय म्हणाले होते? … उरतील त्यातून करशील म्हणजे? … वाढतील त्यातून. हं.

आई, न्हाणीघराचं मी करते. उद्याच माणूस पाठवते. … आत्ताच का म्हणजे? तुझं न्हाणीघर आहे म्हणून! … नाही, मिसोशी काही संबंध नाही. … ‘मिसोचं नाव काढलं आणि न्हाणीघर आठवलं’ असं काय करतेस! … बरं. मागे घेते. न्हाणीघराबद्दलही बोलत नाही.

मग मी बोलू तरी कशाबद्दल? सांग ना तूच. तोंड उघडलं तर अर्थ, मिटलं तर अर्थ.

… साडेबाराला फोन येणार तुला? … बाजाराची जेवणाची सुट्टी साडेबाराला संपते, हे तुला कुणी सांगितलं? … इगाराशी-सान. दलाल पेढीतले. … त्यांना काय सांगितलंस माझ्याबद्दल? … काही नाही ना? नक्की? … बरं.

आई, माझं जरा ऐकतेस? मी तुला ‘घे’ म्हणाले तरी गुन्हा, ‘नको घेऊ’ म्हणाले तरी त्यातून आतलं कळलं असंच होणार. … तू कुणाला सांगणार नाहीस हे ठाऊक आहे मला. प्रश्न तू सांगण्याचा नाही, मी सांगण्याचा आहे. … पुस्तकातलं नाव गेलं चुलीत, सनद जाईल माझी. पेपरात नाव येईल, तुझंही येईल. घरी माणसं येतील, कपाटं उघडतील. … तू चोर नाहीस गं. तुला चोर कोण म्हणतंय?

… हो, हा फोन लिहून द्यावा लागणार. … हो, तुझ्या नावासकट. … आई. … आई, असं नको ना बोलू. … नाही, आईची तक्रार करत नाहीये. नियम आहे तो. इतक्या वाजता आई बोलली, इतक्या वाजता मी गप्प बसले, असं सगळं. … बाबा असते तर काय म्हणाले असते? … मला माहीत नाही. बाबा बसायचे ओसरीवर आणि हसायचे.

… काय? … कुणी, तू? माझ्यासाठी? … म्हणजे पैसे वाढावेत म्हणून नाही? … ‘माझ्या मुलीनं ज्यांचं काम केलं त्यांच्या पाठीशी कुणीतरी उभं राहायला नको का.’ … आई, मी त्यांचं काम करते असं मी कुठे म्हटलं? … म्हटलं नाही, बरोबर. … अगं, पण पाठीशी उभं राहायचं तर मिसो खा ना! रोज सकाळी दोन वाट्या सूप पी! सगळे पैसे कशाला…

… नाही. मी काही म्हटलं नाही. ते ‘सगळे पैसे कशाला’ विसर.

… रडत नाहीये. … बरं, रडतेय. रडण्याचाही अर्थ काढू नकोस! … परीक्षेच्या वेळी पण रडले होते, हो, आनंदानं. प्रत्येक रडणं आनंदाचं नसतं गं. … नाही! दुःखाचंही नाही! नुसतं रडतेय. माणूस नुसता रडू शकतो.

(फोनवर हात ठेवून) किती? बारा चोवीस? … त्यांना बसवा बैठकीच्या खोलीत, चहा द्या. मी येते. … नाही नेजिमे-सान, ठेवून कसा देऊ? … तुमची आई असती तर?

हं, आहे मी, आहे. … हो, अशील आलेत. येते म्हणाले. … काय म्हणालीस? … परत सांग.

… नाही. नाही नाही नाही. असं नाही चालायचं.

… अगं, ‘नको’ असेल तर फोन ठेवून दे, आणि ‘घे’ असेल तर धरून ठेव… ही काय लहान मुलांची आंधळी कोशिंबीर आहे का? … तोंडानं बोलायचं नाही म्हणून काय झालं! ठेवला तरी उत्तर, धरला तरी उत्तर! … ही पण मावशीचीच युक्ती? … तुझी? तुझी स्वतःची? वा. … माझी आई म्हणून शोभतेस.

आई, तूच ठेव ना फोन. … प्लीज. तू ठेव. माझी बैठक आहे, लोक बसलेत, तू म्हण ‘चल, ठेवते’ आणि ठेव. नेहमी तर तूच ठेवतेस, निम्म्या वाक्यात! … नाही ठेवणार. बरं.

… हो, इथेच आहे. … अर्थ काढू नकोस. मी फोन धरलाय कारण मला ठेवता येत नाही. ठेवला तर मी तुला सांगितल्यासारखं होतं. … काय सांगितल्यासारखं, तेही सांगता येत नाही. … ‘म्हणजे धरलायस ना?’ हो, हातात आहे, एवढंच! … आई, हसू नकोस गं.

… सव्वीस झाली. … अठ्ठावीस. … हो, घड्याळच बघतेय.

बोल ना काहीतरी. … कंबर कशी आहे? … गोळ्या घेतेस ना? … पायरी उतरताना धरून उतर. … फुलकोबी? अगं, इतक्यात कुठली फुलकोबी, अजून उकाडा आहे… शेजाऱ्यांनी दिली? बरं, उकडून ठेव. … हो, येईन. नव्या वर्षाला येईन. … नक्की. … त्याआधीच येईन. पुढच्या शनिवारी येते. … का म्हणजे? तुला बघायला! आईला बघायला यायलाही कारण लागतं?

… आई? … कुठे गेलीस? … कसला आवाज? … घरातला फोन वाजतोय? … घेऊ नकोस. … म्हणजे घे. तुझा फोन आहे, तू ठरव. मी काही म्हटलं नाही.

… आई?

… ऐकू येतंय मला. दोन्ही फोन शेजारी धरलेस तू. … (हळू) हो, इगाराशी-सानच आहेत.

… आई…

… नाही. काही नाही. तू बोल त्यांच्याशी. … मी थांबलेय.

…

… हं. … झालं? … सगळे? … नको, आकडा नको सांगू मला. … नाही, आकड्याला अर्थ आहे म्हणून नाही. नको, एवढंच.

… हो, ऐकलं. ‘माझी मुलगी फोनवरच आहे’ म्हणालीस त्यांना. … ऐकलं मी ते. … अभिमान वाटला तुला. हो. कळलं.

… नाही, रागावले नाही. … अगं, खरंच नाही. … जेवण राहिलंय थोडं, खाईन. … हो, भात गार झालाय. … शनिवारी येते. न्हाणीघर मापून घेईन. … त्यातून नाही, माझ्या पगारातून. … आता विचारू नकोस का.

… काय? … हो गं आई. आता ठेवला तरी चालेल.