टायटल क्लिअर, छप्पर अर्धं

नाही, तुम्हीच सांगा, छप्पर अर्धं आहे म्हणून घर माझं नाही, असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? कुठल्याच नाही! टायटल क्लिअर आहे. बोजा नाही, वाद नाही, चतुःसीमा चोख. आता आत बसलं की वर आभाळ दिसतं, हा भाग वेगळा... पण म्हणून मोखाड्याच्या बाजारात माणसांनी मला अडवून विचारावं, "काय हरेशभाऊ, जामसरला घर घेतलंत म्हणे, कुठली बाजू घेतलीत?" आणि हसावं? ज्यांना मी सल्ले दिले, फुकट दिले, तेच हसतात हो!

तुम्हाला सांगतो, मोखाड्यात कुणी घर घेऊ दे, विकू दे, तो आधी माझ्याकडं येतो. मी वकील नाही हां, साधा क्लार्क आहे, पण कायदा म्हणजे कसा, आपल्या तोंडात खेळतो! "भाऊ, घरपट्टीची पावती आहे, चालंल ना?" अरे, पावती म्हणजे तू पट्टी भरलीस, मालक झालास असं नाही! "भाऊ, स्टँपवर लिवलाय, नोटरी पण केलीय." नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, बाबा, खरेदीखत रजिस्टर कर! "भाऊ, विकणारा बोलतो, घरावर कर्ज नाही." तो काय, काहीही बोलेल, तू जुन्या नोंदींचा सर्च घे की! आपलं एकच म्हणणं, कागद पक्का पाहिजे.

आता झालं काय, आमची नीता जामसरच्या शाळेत शिक्षिका. रोज मोखाड्याहून जीप, जीप भरेपर्यंत ड्रायव्हर हलत नाही, आणि भरली म्हणजे किती भरली? नीताच्या मांडीवर तिची पर्स, पर्सवर कुणाचं तरी पोर, पोराच्या हातात कोंबडी! एक दिवस तिनं बजावलं, "शाळेजवळ घर बघा, नाहीतर मी एकटी खोली घेऊन राहते." आता एवढा कायदेपंडित नवरा असताना बायकोनं एकटीनं भाड्याची खोली बघायची? शोभतं का?

बघितलं. पुंजाचं घर. पुंजा कामाला ठाण्याला, बाप वारलेला, घर बंद. पण घर काय हो! सागाचे खांब, कौलं एकसारखी, दाराला दोन फळ्या. नीता ओट्यावर बसली ती उठेचना. म्हणाली, "इथं मी संध्याकाळी मुलांना शिकवीन. हेच घ्या." लग्न झाल्यापासून बाईनं एवढ्या प्रेमानं पहिल्यांदा काही मागितलं. मी म्हटलं, घेतलं! पण कागद पक्का पाहिजे.

पुंजाला विचारलं, "वारस कोण कोण?" "मीच." "बहीण?" "हिरी? ती दिली ना दाभोशाला. तिचा काय काम?" तिचं काय काम! ऐकलंत? म्हटलं, "पुंजा, बहिणीचं लग्न झालं म्हणून हक्क जात नाही. तिची सही लागणार." "सही कशाला, तिला साडी घेऊ." साडी म्हणजे हक्कसोडपत्र आहे का, सांगा! मी बोलावलं हिरीला.

आली बिचारी. अंगणात उभी. आणि मी... म्हणजे समोर नवा माणूस दिसला की माझं काय होतं, तुम्हाला ठाऊक आहे... मी खाटेवर बसून सुरू केलं. "हिरीबाई, यातलं अर्धं घर तुझं."

"माझा? भावाचा ना?"

"तुझंसुद्धा! कायद्यानं!"

ती घराकडं बघायला लागली. मग म्हणते, "कोणता अर्धा? ओट्याकडचा का चुलीकडचा?"

मी हसलो. काय पण गोड हसलो! म्हटलं, "अगं, वाटणी होईपर्यंत असा भाग दाखवता येत नाही. सगळ्या घरात तुझं अर्धं."

"सगळ्यात? खांबात पण?"

"खांबात!"

"वाशात? कौलात?"

"कौलाकौलात, खिळ्याखिळ्यात!" नीता डोळ्यांनी खुणावत होती, पुरे करा... पण मी थांबतोय कशाला! हिरी एवढंच म्हणाली, "बरा झाला तुम्ही सांगितला, भाऊ," आणि गेली.

आता आमच्याकडची रीत ऐका. आमच्या डोंगरात घर म्हणजे लाकूड. जागा आपली जागच्या जागी, पण खांब, वासे, कौलं सोडवायची, टेम्पोत घालायची, दुसऱ्या गावात नेऊन उभी करायची, यात कुणाला नवल वाटत नाही. हे मला माहीत नव्हतं? अहो, मी जन्मलो तेच घर तीन गावं फिरून आलेलं! पण डोक्यात कायदा शिरला की बाकीचं बाहेर जातं. वारसनोंदीला वेळ लागला, मी म्हटलं लागू दे, कागद पक्का पाहिजे, आणि तेवढ्यात चैत्र संपत आला, लोकांची घरं शाकारायची वेळ झाली, आणि हिरी तिची माणसं नि टेम्पो घेऊन आली, नि आपला हिस्सा घेऊन गेली.

कसा नेला विचारा! एक बाजू नेली असती तरी चाललं असतं. नाही! वासे एक सोडून एक. कौलं एक सोडून एक. दाराची एक फळी! मी सांगितलं तस्सं, सगळ्यात अर्धं! आम्ही गेलो तेव्हा नीता आत उभी राहिली, अंगावर उन्हाचे चट्टेपट्टे. मला वाटलं ओरडेल. ओरडली नाही. ओट्यावर बसून रडली, आणि खोटं कशाला बोलू, मलाही वाईट वाटलं.

मी तसाच दाभोशाला. तावातावानं! तर हिरी दारात, "या भाऊ, या! अगं ए, पाट दे, भाऊ आलं! ह्यांनी सांगितला म्हणून माझ्या पोरांच्या डोक्यावर छप्पर आला. मना कोण सांगणार होता?" चहा दिला, वर गुळाचा खडा. आता भांडा! म्हणाली, "सही कुठं करायची ते सांगा. उरला तो तुमचा." आणि केली हो सही, जव्हारला नोंदणी कचेरीत येऊन, हसत!

व्यवहार मोडायचा होता, असं म्हणता? मोडीन कसा? नीताला तीच जागा हवी होती, आणि खरेदीखत एवढं निर्दोष की मोडणं म्हणजे पाप! पावसाळा गेला की बांधू. पण पावसाळ्यात राहायचं कुठं? तेव्हा हिरीच म्हणाली, "बाईंना इथून शाळेला जीप आहे. आमच्याकडं राहा."

राहतोय. भाड्यानं. नीता खूश आहे, संध्याकाळी ओट्यावर हिरीच्या पोरांना शिकवते. भाडेकरार मीच लिहिला, कच्चं काम आपल्याला जमत नाही. त्यात एक कलम असं घातलंय की, वरचं एकही कौल फुटलं, तर भाडेकरूनं स्वखर्चानं बदलून द्यावं.