व्हॉल्ववरची गाठ

नेत्रा : म्हणजे नळाचा दोष नाही, आई. जाळी काढून धुतली, तरी धार सुतळीएवढीच. बाथरूममध्ये तेच, मोरीत तेच.

सखूबाई : तुला सांगितलं ना, घर जुनं हाय. पाईप गंजला असंल. तुझे सासरे मरेपर्यंत हेच बोलायचे.

नेत्रा : पण शेजारी सुलक्षणाकडे बादली भराभर भरते. लाइन एकच ना? मग घोळ आपल्याच जोडणीत आहे. मीटरजवळची फरशी उचलू?

सखूबाई : उचल गो बाय, काय पन कर. फकस्त आज बोरिवलीची खोली बगायला जाऊ नको. माझा अल्पेश तुझंच ऐकतो. तुमी गेलात तर या घरात मी कोनाशी बोलू?

नेत्रा : मला काय हौस आहे का? पण कामावरून येऊन रोज बादल्यांपुढे बसायचं, किती दिवस? ...अगंबाई! आई, व्हॉल्व अर्धा बंद आहे! चाक फिरू नये म्हणून दोरी बांधलीय. कोयता द्या.

सखूबाई : बांधलीय? कोनी?

नेत्रा : काय माहीत. कापली. जाम आहे यार... हां, फिरला! नळ बघा, नळ!

(स्वयंपाकघरात पाण्याचा मोठा आवाज.)

सखूबाई : अगो माय! टोप हातातनं उडाला! किती वर्षांनी बगते असं पानी! आता नाय ना जात बोरिवलीला?

नेत्रा : आता कशाला जातेय! झकास! अल्पेशला सांगते, खोली नको म्हणून.

रत्नप्रभा : (बाहेरून) ओ सूनबाई! तुमचं पानी गेलं काय? माझा नळ आत्ताच सुकला. तांदूळ अर्धे धुतलेत.

नेत्रा : थांबा मावशी, बघते! ...आई, ही टोकाच्या घरातली रत्नप्रभामावशी ना? तुम्ही बोलत नाही ती?

सखूबाई : तीच. तिचा नवरा खंडू आनि तुझे सासरे, होडीच्या भागीदारीवरनं भांडले. खंडूच्या मयताला पन हे गेले नाय. आमा बायकांचं बोलनं पन तवाच तुटलं.

नेत्रा : लाइन तिच्याकडेच संपते ना?

सखूबाई : हां. आदी तिच्याकडं थेंब पोचायचा नाय. खंडू गेला, मग कसं काय कोन जाने, यायला लागलं.

नेत्रा : आणि आपलं कधीपासून कमी झालं?

सखूबाई : ...तवापासनंच.

नेत्रा : ही दोरी बघा. बाजूने कापली, गाठ शाबूत आहे.

सखूबाई : जाळ्याची गाठ. उलटी. नेत्रा, ते डावखुरे होते गो. सगळ्या मढ गावात अशी गाठ दुसरा कोन मारत नव्हता.

नेत्रा : म्हणजे बाबांनी मुद्दाम...

सखूबाई : मयताला गेले नाय, आनि तिच्याकडं पानी सोडलं! मी रोज त्यांच्यासमोर त्या नळाला शिव्या घालायची. ते गपचूप जेवायचे. पाईप गंजला, बोलायचे. एवढा मोठा मानूस माझ्या घरात राहिला, आनि मला कळला नाय.

नेत्रा : आई, मग आता काय करू?

सखूबाई : बंद कर. होता तेवढा. तुमाला बोरिवलीला जायचं तर जा. मी अडवनार नाय.

नेत्रा : ...फिरवला.

सखूबाई : रत्ना! ए रत्ना! बग गो, आलं काय?

रत्नप्रभा : कोन? सखू? तू बोलतेस? ...आलं गो. आलं.

नेत्रा : आई, दोरी पुरेल अजून. ती गाठ कशी मारतात, दाखवा मला. अल्पेशला जमायची नाही, आणि हा व्हॉल्व सांभाळायला इथे मीच असणार.

सखूबाई : ये, बस. डाव्या हातात धर.