दावं

हसायचं तर हसा, पण विकत घेतलेल्या बैलाचं जुनं दावं कधी घरी आणू नका. विकणारा ते सोडून स्वतःकडं ठेवतो, घेणारा आपलं नवं बांधतो, ही आमच्या मुरबाडकडची रीत. लढाईच्या वर्षांत मी म्हसा गावच्या जत्रेतल्या बैलबाजारात एका म्हाताऱ्याकडून बैल घेतला, आणि गर्दीत आम्ही दोघंही ते दावं सोडायचं विसरलो.

घरी आल्यावर जुनं दावं खुंटीला टांगलं, बैलाला नवं बांधलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शेतावरून येऊन बघतो, तर नवं दावं जमिनीवर पडलेलं आणि बैल जुन्यानं बांधलेला.

बायको म्हणाली, "अवो, ही गाठ डावखुऱ्याची हाय. आपल्यात डावखुरा कोन?"

कोणीच नव्हतं. तीन दिवस रोज तेच. चौथ्या दिवशी मी दावं घेऊन म्हाताऱ्याचं घर गाठलं. दारात त्याची म्हातारी बसली होती.

"ते बाजारातून आले ते तापानंच," ती म्हणाली. "दावं ऱ्हायलं, दावं ऱ्हायलं, करत त्याच दिशी गेले."

मी दावं पुढं केलं. तिनं ते घेतलं आणि म्हणाली, "गावलं ना एकदाचं? चला, आता घरात या."

मी वहाणा काढून उंबऱ्याकडं पाय उचलला.

"तुमी नाय, भाऊ," म्हातारी माझ्या मागं बघत म्हणाली. "तुमी जरा वाट द्या."