हजेरीपटावर राहिलेला तेज

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. सुलभाबाईंच्या लेकीने, मनीषाताईंनी, मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नको म्हणालो. रडू येईल म्हणून नाही. मला जे सांगायचंय ते ऐकायला आमचे मुख्याध्यापक पहिल्या रांगेत बसलेत, म्हणून. सर, मला पूर्ण बोलू द्या. मध्येच थांबलो तर परत हिंमत होणार नाही.

मी प्रकाश. बाई कोपरीला मुख्याध्यापिका होत्या तेव्हा मी त्यांच्या हाताखाली शिकवायला लागलेलो. पुढे माझी शाळा बदलली, पण बाई सुटल्या नाहीत. निवृत्तीनंतर स्वस्थ बसतील त्या बाई कसल्या? इथे वर्तकनगरला सोसायटीच्या नोटिशीसुद्धा लाल पेनाने सुधारायच्या. कमिटीवाले समोर आहेत, त्यांना विचारा.

हल्ली त्यांनी नवीन काम काढलेलं. भारत आणि नेपाळ. पहिलीत आलेले किती मुलगे पाचवी पूर्ण करतात, याची दोन्हीकडची तुलना. वाचनालयात त्यावर बोलायचं होतं. मी विचारलं, मुलग्यांचंच का? तर म्हणाल्या, मुलगी शाळेतून काढली तर निदान चार लोक जाब विचारतात. मुलगा कामाला लागला तर आपणच म्हणतो, बरं झालं, हाताशी आला.

मी आपला रुबाबात म्हणालो, बाई, आपणच पुढे असणार. माझ्या वर्गातला तर एकही मुलगा गळालेला नाही.

तीन दिवसांनी शाळेच्या वेळेत त्यांचा फोन आला. "प्रकाश, तुझ्या वर्गात तेज आहे का रे?"

"आहे ना, बाई."

"मग त्याला फोन दे."

मी काय देणार? तेज म्हणजे बाईंच्या बिल्डिंगचे वॉचमन टेकबहादूर यांचा मुलगा. ते मागे उभे आहेत. तेज चौथीत असतानाच आईबरोबर नेपाळला गावी गेला. तिकडे काकाच्या हॉटेलात भांडी घासतो, शाळेत जात नाही. टेकबहादूरनी हे बाईंना जिन्यात सहज सांगितलेलं. आणि माझ्या पटावर तेज पाचवीत आहे. रोज हजर.

कारण आम्हा शिक्षकांकडे तयार असतं. शाळा सोडल्याचा दाखला न्यायला कोणी आलं नाही, म्हणून नाव राहिलं. खरं कारण वेगळं. पट घसरला की एक शिक्षक जास्तीचा ठरतो, आणि आमच्याकडे सगळ्यात नवीन मी. म्हणून तेज हजर. तेजसारखे अजून तिघे हजर. त्यांना चाचणीत मार्क आहेत. तेजच्या प्रगतिपुस्तकावर 'अक्षर सुधारावे' असा शेरा आहे. मीच लिहिलाय. लाज वाटते मला.

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तिकडे भांडी घासणारा मुलगा तू इकडे शिकत ठेवलायस. आता मी कुठल्या तोंडाने सांगू, कोण पुढे ते?" मुख्याध्यापकांना खरं सांग, मगच मी बोलायला उभी राहीन, म्हणाल्या. वाचनालयाला कार्यक्रम पुढे ढकलायला लावला. मग दर रविवारी फोन. सांगितलंस का? मी म्हणायचो, सांगतो. शेवटचे दोन फोन मी उचललेच नाहीत. तिसरा आला तो मनीषाताईंचा.

कोणी म्हणेल, हे शोकसभेत कशाला? मग कुठे? ऑफिसात सर चहा मागवतील, आणि मी चहा पिऊन परत येईन. माझं मला ठाऊक आहे.

सर, रोज हजेरी घेताना मी ही चार नावं गाळतो आणि गुपचूप हजर मांडतो. वर्गाला हे माहीत आहे. पोरं तेवढा वेळ खाली बघतात. उद्या सकाळी ती नावं मी मोठ्याने घेणार आहे. प्रत्येक नावानंतर थांबणार आहे. उत्तर येणार नाही, मग गैरहजर लिहिणार आहे. आजपर्यंतचं काय, ते लेखी तुमच्या टेबलावर ठेवेन. पुढे माझं जे व्हायचं ते होवो.

आता आपण सगळे उभे राहूया. मी एकच नाव घेतो. त्यानंतर दोन मिनिटं कोणी काही बोलू नका.

सुलभाबाई.