पागोट्याच्या धोंड्यावर मापाला उभा माणूस

पुरवणी जबाब

मी, लालासाहेब आनंदराव सावंत, वय ६१ वर्षे, धंदा सेवानिवृत्त शिक्षक (भूगोल), सध्या रा. पलूस, जि. सांगली, मूळ रा. मौजे पांढरओढी, ता. जत, जि. सांगली. आज दि. २२/०२/२०२५ रोजी सकाळी १०.४० वाजता, कोणी न बोलावता, पोलीस ठाण्यात हजर राहून जबाब देतो की,

हा जबाब लिहून घेणारे हवालदार, तो वाचणारे साहेब आणि तो ऐकणारे पांढरओढीचे लोक, आपण सगळे एकाच कोरड्या पट्ट्यातले आहोत. आपल्या माळाला कागदावर पोटखराबा म्हणतात, म्हणजे ज्यात काही पिकत नाही अशी जमीन. आपल्याला न विचारता कोणीतरी तो शब्द लिहिला आणि तीन पिढ्या आपण तो डोक्यावर घेऊन चाललो. त्या एका शब्दाविरुद्ध मी अकरा वर्षे ग्रामसभांत, शाळांत, जत्रेतल्या स्टेजवर बोललो आहे. इथे हवालदारांनी मला "सर, भाषण नको, घडलं तेवढं सांगा" असे सांगितले. म्हणून घडले तेवढे सांगतो. या वेळी कागदावरचा चुकीचा शब्द मी स्वतः दिला आहे.

दि. ०९/०२/२०२५ रोजीच्या पहिल्या जबाबात मी असे सांगितले होते की, मयत नानासो धुळा पुकळे, वय ७१ वर्षे, धंदा मेंढपाळ, हे अडकलेले मेंढरू सोडवण्यासाठी धोंड्यावर चढले, पायातले पायताण घसरून खाली पडले, आणि मी त्या वेळी दोनशे फुटांवर होतो. हे खरे नाही. मेंढरू अडकले नव्हते. मी तीस फुटांवर होतो. नानासो घसरले नाहीत.

मी आमच्या भागातल्या वेगळ्या आकाराच्या खडकांचे फोटो काढतो. पांढरओढीच्या उत्तरेला चार किलोमीटरवर, जिथे गाडी जात नाही, असे पुष्कळ खडक आहेत. काही कांद्यासारखे पापुद्र्या-पापुद्र्यांचे, काही भिंतीसारखे सरळ रेषेत गेलेले. मला त्या सगळ्यांच्या जागा नानासोंनी दाखवल्या. दिवाळीनंतर त्यांचा मुलगा धनाजी मेंढरे घेऊन उसाच्या मुलखात जातो. नानासोंना आता एवढे चालवत नसल्याने चार वर्षांपासून ते पाच-सहा मेंढरांसह गावातच राहत.

खडकाचा फोटो काढताना शेजारी माहीत असलेल्या मापाची वस्तू ठेवावी लागते. नाहीतर पाहणाऱ्याला तो मुठीएवढा की घराएवढा हे कळत नाही. लहान दगडाशेजारी मी पेन ठेवतो. मोठ्याशेजारी नानासोंना उभे करीत असे. त्यांची उंची पाच फूट चार इंच. चेहरा दिसला की पाहणारा खडक सोडून माणसाकडे बघतो, म्हणून मी त्यांना नेहमी पाठ करून उभे राहण्यास सांगत असे. माझ्याकडे एकूण १८२ फोटोंत नानासो आहेत.

आमच्यात ज्याला पागोट्याचा धोंडा म्हणतात तो बांधलेल्या पागोट्यासारखा थरांचा आहे. खाली मान, वर डोके. त्याची उंची तेरा फूट चार इंच. हे माप नानासोंच्या उंचीवरून काढलेले आहे. मेंढके येता-जाता त्याला हात लावून पुढे जातात. वर कोणी चढत नाही.

दि. ०९/०२/२०२५ रोजी सकाळी ६.३० वाजता आम्ही तेथे पोचलो. कोवळे ऊन आडवे येते तेव्हाच थर उठून दिसतात. या खडकांवरच्या माझ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी मला माणूस शेजारी नको, वर उभा हवा होता. तसे मी नानासोंना सांगितले. ते म्हणाले, "आवं सर, आजवर कुनी चढलं न्हाई त्येच्यावर. मला कुठं घोड्यावर बसवताय म्हातारपणी?" मी हसलो. मग त्यांनी काठीने वरचा थर ठोकला, दोनदा, आणि कान देऊन ऐकले. म्हणाले, "बोद बोलतंय ह्ये. आतनं सुटल्यालं दिसतंय."

मी त्यांना सांगितले की हा खडक साडेसहा कोटी वर्षांचा आहे. "नानासो, साडेसहा कोटी वर्षं पडला नाही, तो काय आज तुमच्यासाठी पडतोय?" हे वाक्य मी व्याख्यानातही वापरतो. लोक हसतात.

नानासो म्हणाले, "त्येला काय तारीख दिल्याली हाय व्हय? पर तुमचा शबूद." त्यांनी पायातले पायताण काढले, धोंड्यापासून बाजूला जोडीने ठेवले, धोंड्याला हात लावला आणि चढले. ते पायताण पोलिसांना त्याच जागी मिळाले. पंचनाम्यात नोंद आहे. पायताण घसरून पडलेल्या माणसाचे पायताण खाली जोडीने कसे, हे मला कोणी विचारले नाही.

वर ते नीट उभे राहिले. मी चार फोटो काढले. त्यांची सावली एका थरावर येत होती, म्हणून मी ओरडून सांगितले, "एक पाऊल मागं." त्यांनी घेतले. मी म्हणालो, "अजून एक." त्यांनी वळून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "हितं का?" मी हो म्हणालो आणि बटण दाबले. वेळ ७.१२. वरचा थर त्यांच्या पायाखालून सुटला व ते थरासह पलीकडच्या अंगाला पडले. पाऊल शेवटपर्यंत दगडावर होते. दगड निघाला.

त्यानंतरच्या फोटोत फक्त धूळ आहे. तो मी कधी काढला हे मला आठवत नाही.

गावातला पिकअपवाला पप्पू यास मी ७.१५ वाजता फोन केला. गाडी ओढ्यापर्यंतच आली. पप्पू चालत वर आला आणि तेथवर आम्ही दोघांनी नानासोंना घोंगडीत घालून आणले. मी मागे त्यांच्याजवळ बसलो. ते वाटेत एकदाच बोलले. त्यांनी विचारले, "आलं का माप?" मी "आलं" असे सांगितले. मिरजेच्या दवाखान्यात पोचण्यापूर्वी ते मयत झाले. त्याच दिवशी दुपारी मी पहिला जबाब दिला. तसा जबाब देण्यास मला कोणी सांगितले नव्हते. लिहून घेणाऱ्यांची काही चूक नाही. मी सांगितले तसे त्यांनी लिहिले.

काल दि. २१/०२/२०२५ रोजी तेराव्याला मी पांढरओढीस गेलो. मयताची पत्नी अंबूबाई, वय ६७, दाराशी बसल्या होत्या. धनाजी त्यांच्याशी धड बोलत नव्हता. कारण असे की, नानासोंच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. दिवाळीच्या आधी धनाजीने ऑपरेशनची तारीख घेतली होती. अंबूबाई म्हणाल्या होत्या, "आत्ता नगं, जत्रा झाल्यावर बघू." आता गावात असे बोलले जाते की म्हाताऱ्याला दिसले नाही, पाय घसरला, आणि ऑपरेशन बाईने लांबवले. माझ्यासमोर धनाजी आईस म्हणाला, "तुझ्या जत्रंपायी माझा बा गेला."

लोक जेवायला बसल्यावर अंबूबाईंनी मला बाजूला बोलावले. त्या म्हणाल्या, "सर, साठ वर्सं त्यो मानूस त्या डोंगरात फिरला. मेंढरू घसरलं आसंल, त्यो न्हाई. तुमी व्हता तितं. खरंच घसरला का वं?" मी अकरा वर्षे माइकवर बोलतो. तेथे मी मान हलवली. त्यांनी ती होकारार्थी समजली. ती तशीच होती.

नंतर त्या म्हणाल्या, "बरं, मग एक करा. तुमी त्येंचं एवढं फोटू काढलं. एक तोंडाचा द्या. भिंतीला लावाया घरात एक न्हाई." मी सांगितले, "वहिनी, तोंडाचा नाही. सगळे पाठीचे आहेत." त्या म्हणाल्या, "आसू दे. पाठीचा द्या. पाठबी त्येंचीच हाय."

हेही खरे नाही. तोंडाचा एक आहे. सकाळी ७.१२ चा. त्यात नानासो वळून बघत आहेत. ऊन तोंडावर आहे. दोन्ही डोळे उघडे आहेत. दोन्ही पाय दगडावर टेकलेले दिसतात आणि डाव्या टाचेमागे थराची फट उघडलेली दिसते. हा फोटो दिला असता तर घडलेले कोणालाही दिसले असते, म्हणून मी तो दिला नाही. कॅमेऱ्यातले ते कार्ड आज पंचांसमक्ष आपल्या ताब्यात देत आहे.

नानासोंना दिसत होते. वर जायच्या आधी त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळले होते व ते त्यांनी मला सांगितलेही होते. मोतीबिंदूचा या मृत्यूशी संबंध नाही. अंबूबाईंचा संबंध नाही. माझ्यावर जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. त्याबाबत माझी काही मागणी नाही.

माझी मागणी एकच आहे. धनाजी सोमवारी पहाटे परत मेंढरांकडे जाणार आहे. आज शनिवार आहे. अंबूबाईंना वाचता येत नाही.

वरील जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला आहे, त्यात एकही शब्द कमी-जास्त नाही, म्हणून खाली सही करतो. उद्या रविवारी तो पांढरओढीस न्या आणि नानासो पुकळे यांच्या दारात, धनाजीसमोर आणि गावासमोर, असाच मोठ्याने अंबूबाईंना वाचून दाखवा.

सही
लालासाहेब आनंदराव सावंत