मुक्या चिपळ्यांची पेटी

मंडळी, एक सांगा – चोरी बघून गप्प बसणारा साव की चोर? माना हलवू नका, आधी ऐका!

एका देशाची राजधानी. कोणता देश? अहो, नाव कशाला हवं, उद्या मला नोटीस यायची! तिथे संस्कृती मंत्रालय. चौतीस वर्षांत अकरा मंत्री झाले, एकजण तर हार सुकायच्या आत गेला! आणि तिथली रीत अशी – नवा मंत्री आला की एका संताच्या चिपळ्यांची मोहोरबंद पेटी आणायची, हार घालायचा आणि वहीत लिहायचं, ‘पाहून ताब्यात घेतल्या.’ पेटी कुणी उघडायची नाही. पावित्र्य आहे ना!

पेटी आणायच्या भांडारपाल अनसूयाबाई केळुसकर. वहीत मंत्र्यांच्या सहीखाली त्यांचीही सही. पूर्वी पेटी उचलली की आतून किणकिण यायची. सहाव्या साहेबांच्या वेळी उचलली – आणि आवाजच नाही! बाई मनात म्हणाल्या – पाचव्यांनी नेल्या? की सचिवांनी? ज्याच्या त्याच्या पिशवीकडे संशयाने बघायच्या. पण सही केली. एकदा नव्हे, सहा वेळा!

आता बारावे मंत्री आले. बाईंच्या निवृत्तीला चार दिवस. पेटी उघडली तर चोर त्याच ठरणार, पेन्शन अडकणार. नाही उघडली, तर हे खोटं पुढच्या माणसाच्या गळ्यात.

मंत्र्यांनी पेन उघडलं. बाई म्हणाल्या, “साहेब, थांबा. आधी हलवून बघा.”

सचिव ओरडले, “बाई! काय हे भलतंच?”

मंत्र्यांनी पेटी हलवली. गप्प! मोहोर फोडली. आत काय? लाल फडक्यात गुंडाळलेला दगड! सहा मंत्र्यांनी दगडाला हार घातले हो!

सचिव म्हणाले, “पेटी तुमच्या ताब्यात होती!”

“होती. सह्याही माझ्याच आहेत.”

मंत्र्यांनी विचारलं, “वाजत नाही हे कधी कळलं?”

“सहाव्या साहेबांच्या वेळी.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

बाईंनी पदराने डोळे पुसले. “तेव्हा नोकरीची वीस वर्षं उरली होती, साहेब. आज चार दिवस उरलेत.”

हसलात? हसा! चिपळ्या कुणी नेल्या ते आजतागायत कळलं नाही. माझा संशय विचाराल तर – त्या सहा सह्यांवर आहे.

आता या माझ्या चिपळ्या. ऐका – वाजतात! तुमच्या घरातलं, गावातलं काय वाजायचं बंद झालंय, ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. बोलायला किती वर्षं उरायची वाट बघताय?

बोला! नाम घ्यायलाही तोंड उघडावंच लागतं – विठ्ठल! विठ्ठल!